खऱ्या सहीचं खोटं कर्ज

१

लिफ्टवाला जाऊन पुरता महिनाही झाला नव्हता, आणि त्याच्या नावावर कर्ज उगवलं होतं.

टाचणीबाईंनी नोटीस तीनदा वाचली. मजकूर पहिल्याच वाचनात कळला होता, पण संताप नीट मुरायला त्यांना तीन वाचनं लागत. वकीलसाहेबांच्या ऑफिसात एकतीस वर्षं कागदांना टाचण्या लावून त्यांना हे नाव पडलं होतं. आपल्या टोचून बोलण्याशी त्याचा काही संबंध नाही असं त्या सांगत, आणि ऐकणारे मान डोलावून गप्प बसत.

समोर कवळीवाली बसली होती. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणं हा तिचा धंदा. वकीलसाहेबांचा निरोप मिळाला तशी ती कामावरून उठून आली होती, त्यामुळे एप्रनवर प्लास्टरचे ठिपके तसेच होते. घाईत कुणाचे तरी वरचे चार दात खिशात राहिले होते, ते तिनं टेबलावर काढून ठेवले.

ती आणि लिफ्टच्या देखभालीचं काम करणारा लिफ्टवाला अकरा वर्षं एका घरात राहिले. लग्न केलं नव्हतं. दोघांनीही ते पूर्वी एकेकदा करून पाहिलं होतं आणि तेवढ्यानं पोट भरलं होतं. घर मात्र दोघांच्या नावावर, निम्मं-निम्मं. खालच्या मोठ्या खोलीत तिची कामाची जागा. तीन आठवड्यांपूर्वी एका सोमवारी सकाळी लिफ्टवाला कामाला निघाला, जिना उतरताना कठड्याला धरून खाली बसला, आणि उठलाच नाही. मृत्युपत्रात त्यानं आपला अर्धा हिस्सा तिला दिला होता.

पण मेलेल्याचं देणं आधी भागवायचं आणि उरेल ते वारसाचं, असा कायदा आहे. आणि आता त्याचा थोरला भाऊ एक कागद घेऊन उभा राहिला होता. आठ महिन्यांपूर्वीच्या तारखेचा. धाकट्यानं थोरल्याकडून उसनी रक्कम घेतली, जिवंतपणी फिटली नाही तर घराच्या हिश्श्यातून वसूल करावी, खाली सही, साक्षीदार म्हणून थोरल्याची बायको. रक्कम त्या अर्ध्या हिश्श्याच्या किमतीला बेतून शिवल्यासारखी बसत होती.

"म्हणजे घर विकावं लागणार," टाचणीबाई म्हणाल्या.

"किंवा त्यांचा हिस्सा मी विकत घ्यायचा. कशानं घेऊ? दातांनी?"

वकीलसाहेब आतून आले. भले गृहस्थ, पण वादापेक्षा तडजोड बरी आणि तडजोडीपेक्षा जेवणाची सुट्टी बरी, अशा वृत्तीचे. "बाई, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. नाही दिलं तर देणं कबूल केल्यासारखंच होईल. आणि हा सहीतज्ज्ञाचा अहवाल. सही खरी आहे म्हणतो. शंभर टक्के."

"तज्ज्ञ विकत घेतलाय," टाचणीबाई फणकारल्या.

"आपणच नेमला होता."

टाचणीबाईंनी कवळीवालीकडे पाहिलं. ती सहीच्या फोटोवर बोट ठेवून बसली होती.

"सही त्याचीच आहे, बाई," ती हळूच म्हणाली. "अकरा वर्षं बघितलीय मी. पण त्यानं दादांकडून एक पैसासुद्धा घेतलेला नाही."

२

मूळ कागद दाखवायला थोरला आणि थोरली बुधवारी आले. थोरल्याचं फर्निचरचं मोठं दुकान होतं. त्यानं बसण्याआधी खुर्ची हलवून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. टाचणीबाईंचं पित्त तिथेच खवळलं. ती खुर्ची त्यांची होती.

कागद पाहायला घेतल्याची पोच त्यांनी पावतीपुस्तकात लिहिली, वरचं पांढरं पान फाडून थोरल्याला दिलं. खालचं पिवळं पान पुस्तकात राहिलं. थोरल्यानं पोच खिशात घातली आणि आपला कागद त्या उघड्या पुस्तकावरच ठेवला.

"बघा, हवं तेवढं बघा. ही सही!" त्यानं अंगठ्याचं नख दाबून सहीखालून रेघ ओढली. "माझ्या भावाची. आणि आता ही बाई म्हणते कर्जच नाही."

"दादा, मला बाई काय म्हणता?" कोपऱ्यातून कवळीवाली म्हणाली. "अकरा वर्षं माझ्या हातचा चहा प्यायलात."

थोरली खिडकीबाहेर बघू लागली.

टाचणीबाईंनी कागद न्याहाळला. बुटका होता, नेहमीच्या कागदाच्या जेमतेम अर्धा. मजकूर प्रिंटरवर छापलेला, ओळी एकमेकींना चिकटून उभ्या. आणि सही अगदी खालच्या काठाला. शेवटच्या अक्षराचं शेपूट अजून जरासं लांबलं असतं तर टेबलावर उतरलं असतं.

"एवढी मोठी रक्कम, आणि कागदाची एवढी काटकसर?"

"घरात होता तो घेतला. भावाभावांत कागद मोजत नाहीत."

"रक्कम दिली कशी? बँकेतून?"

"रोख. दुकान आहे माझं. रोख असते."

"आणि त्यानं तिचं केलं काय?"

"ते मी कशाला विचारू? धाकट्या भावाला हिशेब विचारणाऱ्यांतला मी नाही."

सगळी उत्तरं अशी गुळगुळीत होती, पॉलिश मारलेल्या टेबलासारखी. टाचणीबाईंनी जाता जाता आणखी एक प्रश्न टाकला. "तो गेल्यावर त्याच्या वस्तू कुणी आवरल्या?"

"मीच. ही तर नुसती बसून होती. त्याची हत्यारांची बॅगसुद्धा मीच कंपनीत पोचवली. त्याच दिवशी! उघडूनही पाहिली नाही. परक्या वस्तूला मी हात लावत नाही."

दोघं गेले. कागदही गेला. टाचणीबाई चिडचिडत पावतीपुस्तक मिटायला गेल्या आणि त्यांचा हात थांबला.

पिवळ्या पानावर, पोचेच्या मजकुराच्या खाली, एक निळी रेघ उमटली होती. आडवी, अंगठ्याच्या नखाएवढ्या जाडीची. ती त्यांनी ओढलेली नव्हती.

३

"साहेब, इकडे या!"

वकीलसाहेबांचा डबा अर्धा उघडला होता. तो तसाच ठेवून ते आले.

टाचणीबाईंनी एक साधा कागद त्या पिवळ्या पानावर ठेवला आणि नखानं खसकन रेघ ओढली. कागद उचलला. खाली काही नाही. मग पुस्तकातलं पुढचं कोरं पांढरं पान घेतलं, पिवळ्यावर ठेवलं, तशीच रेघ ओढली. खाली निळी रेघ हजर.

"ही हल्लीची पावतीपुस्तकं," त्या म्हणाल्या. "यांना मध्ये कार्बन घालावा लागत नाही. वरच्या पानाच्या पाठीलाच कसलासा थर असतो. वर दाब पडला की खालच्या पानावर उमटतं. साध्या कागदाला हा थर नसतो. थोरल्याच्या कागदाला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तो कागद 'घरात होता तो' नव्हे. कुठल्या तरी प्रतींच्या पुस्तकातलं वरचं पान आहे. डोकं कापलंय, पाय कापलेत, आणि मधल्या रिकाम्या जागेत कर्ज छापलंय. सही आधी झालेली होती. मजकूर नंतर बसवला. म्हणून ओळी अशा दाटीवाटीनं उभ्या आहेत." त्या कवळीवालीकडे वळल्या. "लिफ्टवाला असल्या पुस्तकावर कुठे सह्या करायचा?"

कवळीवालीचा चेहरा उतरला. उत्तर येत नव्हतं असं नाही, ते तिला द्यायचं नव्हतं.

"सर्व्हिस स्लिपा," शेवटी ती म्हणाली. "लिफ्ट तपासली की स्लिप भरायची. पांढरी मालकाला, पिवळी कंपनीला, गुलाबी पुस्तकात. वर कंपनीचं नाव आणि तक्ता, खाली शेऱ्याची कोरी जागा, तळाला सही."

"सही लिफ्ट तपासल्यावर?"

"लिफ्टखालच्या खड्ड्यातून वर आलं की हात ग्रीसनं कोपरापर्यंत काळे. कागदाला डाग लागला की सुपरवायझर स्लिप परत पाठवायचा, पगारातून दिवस कापायचा. म्हणून तो रविवारी दुपारी साबणानं हात धुऊन जेवणाच्या टेबलावर बसायचा आणि आठवड्याच्या बारा स्लिपांवर आधीच सह्या करून ठेवायचा. बाकीचं त्याचा कामावरचा जोडीदार भरायचा, त्याचे हात वर मशीनच्या खोलीत जरा बरे राहायचे. सगळेच तसं करतात, बाई. पण नियमात बसत नाही. न तपासलेली लिफ्ट ठीक आहे म्हणून सही! बाहेर कळलं तर लोक म्हणतील, हा माणसांच्या जिवाशी खेळत होता."

"खेळत होता?"

"एकही लिफ्ट त्यानं न बघता सोडली नाही!" ती ताडकन उभी राहिली. "कापलेल्या बोटांनी कामाला गेलाय तो!"

टाचणीबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे त्यांनी एकतीस वर्षांत पुष्कळ पाहिले होते. पण माणसानं स्वच्छ हातांनी केलेली सही चोरून त्याच्याच घरावर उलटवणारा हा पहिलाच.

"ते शेवटचं पुस्तक कुठे आहे?"

"बॅगेत होतं."

४

लिफ्ट कंपनीतल्या सुपरवायझरचं टेबल इतकं स्वच्छ होतं की त्यावर काम होत नसावं अशी शंका यावी. मागच्या भिंतीवर पाटी होती : डाग पडलेल्या स्लिपा स्वीकारल्या जाणार नाहीत.

"आमच्याकडे तपासणी झाल्यावरच सही होते," तो म्हणाला.

"कुठल्या हातानं?"

"म्हणजे?"

"काही नाही. पाटी वाचली." टाचणीबाईंनी वकीलसाहेबांचं पत्र पुढे केलं. "मयताची हत्यारांची बॅग जमा झाली तो दिवस, आणि त्याला शेवटचं पुस्तक दिलं तो दिवस. दोन नोंदी दाखवा, मी जाते. नाही दाखवल्यात तर जेवून येते आणि पुन्हा इथेच बसते."

सुपरवायझरनं नोंदवही काढली. पटकन द्यावं आणि ही ब्याद जावी, असा त्याचा हिशेब स्पष्ट दिसत होता.

नवं पुस्तक लिफ्टवाल्याला शनिवारी मिळालं होतं. म्हणजे रविवारी सह्या, आणि सोमवारी सकाळी जिना. त्या पुस्तकातली एकही स्लिप त्यानं वापरलेली नव्हती. दुसरी नोंद फाटकावरची. बॅग आणणाऱ्याची सही थोरल्याची. तारीख टाचणीबाईंनी बोटांवर मोजली. त्याच दिवशी म्हणे! बॅग आली होती नवव्या दिवशी.

"पुस्तक आता कुठे आहे?"

"बॅग जोडीदाराकडे सोपवली. पुस्तक त्यात नव्हतं असं तो म्हणाला. हरवलं म्हणून नोंद केलीय."

"तुम्ही चौकशी केली नाहीत?"

"एका पुस्तकाची?" तो हसला. "मॅडम, इथे माणसं येतात-जातात."

टाचणीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठताना त्यांनी त्या लखलखीत टेबलावर पाचही बोटं दाबून ठसे उमटवले, मग बाहेर पडल्या.

५

जोडीदार एका सात मजली इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उभा होता. जमिनीच्या वर त्याचं फक्त डोकं दिसत होतं. टाचणीबाई गुडघ्यांना शिव्या देत त्याच्या समोर उकिडव्या बसल्या. मागे कवळीवाली उभी होती.

"पुस्तक हरवलं," तो म्हणाला. वर पाहिलं नाही.

"कुठे हरवलं?"

"हरवलेलं कुठे असतं ते माहीत असतं का, बाई?"

"तुला माहीत आहे. त्यात बारा सह्या होत्या. अकरा स्लिपा पूर्ण आहेत. बाराव्याचं पांढरं पान नाही, पण खालची पिवळी आणि गुलाबी आहेत. आणि त्यांच्यावर सही उमटलेली आहे. तेवढीच सही, बाकी कोरं. खरं की नाही?"

जोडीदाराच्या हातातला पाना थांबला.

"थोरल्यानं पुस्तकं कधी हाताळलेली नाहीत," टाचणीबाई बोलत राहिल्या. "कोऱ्या कागदावर खरी सही दिसल्यावर त्याचे डोळे फिरले. वरचं पान हळूच काढलं. खाली दोन प्रती बसल्यात याचा त्याला पत्ताच नाही. माणूस दोनदा हुबेहूब सही करत नाही, पण प्रतीवरची सही मूळ सहीवर रेषेवर रेषा बसते. ते पुस्तक आणलंस तर हिचं घर वाचतं."

"आणि माझं जातं." आता त्यानं वर पाहिलं. "त्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला माझ्याही सह्या आहेत, बाई. शनिवारीच केलेल्या, कोऱ्या स्लिपांवर. आम्ही एकच पुस्तक वापरायचो. लायसन जाईल माझं. दोन मुली आहेत. सुपरवायझर काखा वर करेल, म्हणेल मला माहीतच नव्हतं. जाळणार होतो मी ते."

"जाळलंस?" टाचणीबाईंचा आवाज चिरकला.

तेवढ्यात कवळीवाली पुढे आली आणि खड्ड्याच्या काठावर बसली.

"नका आणू," ती म्हणाली.

"अगं बाई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"याच्या मुलींच्या तोंडचा घास काढून मी घर वाचवू? आणि त्याचं नाव कोर्टात वाचून दाखवू, हा माणूस न बघता सह्या करायचा म्हणून? घर गेलं तर भाड्यानं खोली घेईन. कवळ्या कुठेही करता येतात."

"तू घर सोडलंस तर तो चोर त्यात राहायला येईल! आपल्या भावाच्या टेबलावर जेवेल!" टाचणीबाई ओरडल्या. इमारतीतली दोन दारं उघडली आणि बंद झाली.

जोडीदार खड्ड्यात खाली वाकला आणि पुन्हा कामाला लागला. त्या दोघी निघाल्या तरी त्यानं मान वर केली नाही.

६

शुक्रवारी अकरा वाजता थोरला आणि थोरली आले. थोरल्यानं कर्जाचा मूळ कागद वकीलसाहेबांच्या हाती दिला. वकीलसाहेबांनी तडजोडीचा मसुदा तयार ठेवला होता : घर विकायचं, थोरल्यानं थोडं कमी घ्यायचं. टाचणीबाईंनी त्याला टाचणी लावायला नकार दिला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच वकीलसाहेबांनी स्वतःच्या हातानं टाचणी लावली, आणि ती तिरकी गेली.

"बाई, एक निळी रेघ आणि एक तारीख," ते हळू आवाजात म्हणाले. "एवढ्यावर नाही भागत. तो म्हणेल भावानंच तसला कागद आणला होता."

कवळीवालीनं पेन उचललं.

दार वाजलं. जोडीदार आत आला, कामाच्या कपड्यांत. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"वहिनी, पेन खाली ठेवा," तो म्हणाला. "काल घरी सांगितलं सगळं. मोठी मुलगी म्हणाली, बाबा, काकांच्या सहीवर काकूंचं घर जातंय आणि तुम्ही मूग गिळून बसलात? मी सकाळी कंपनीत लिहून दिलंय, आम्ही सह्या अशाच करायचो आणि कुणाच्या पाटीमुळे करायचो तेही. आता होईल ते होईल."

थोरला अजून सावरून बसला होता. "हा कोण? कसलं पुस्तक?"

"तुम्ही नऊ दिवस घरात ठेवलंत ते," टाचणीबाई म्हणाल्या. "त्याच दिवशी पोचवलंत, उघडलं नाहीत म्हणालात. फाटकावर तुमची सही नवव्या दिवसाची आहे. साहेब, तो कर्जाचा कागद द्या इकडे."

त्यांनी पुस्तक उघडलं. अकरा स्लिपा एकामागून एक, तिन्ही पानं जागच्या जागी. मग एक जागा, जिथे पांढऱ्याचा फाटलेला काठ होता आणि खाली पिवळं. पिवळ्याच्या तळाला निळी सही, बाकी सगळं कोरं. त्यांनी ते पान अलगद सोडवलं, कर्जाचा कागद त्यावर ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या काचेवर दाबून धरले. बाहेर लख्ख ऊन होतं.

वकीलसाहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. सहीवर सही बसली होती. वळणावर वळण, टिंबावर टिंब. मध्ये पेन जरा अडखळलं होतं, तेसुद्धा दोन्हीकडे एकाच ठिकाणी.

"हे पुस्तक शनिवारी हातात पडलं, रविवारी सही झाली, सोमवारी माणूस गेला," टाचणीबाई म्हणाल्या. "आणि कर्जाच्या कागदावर तारीख आठ महिन्यांपूर्वीची. कागद कंपनीतून बाहेरच पडला नव्हता तेव्हा त्यानं सही कशावर केली, दादासाहेब? आणि तुम्ही," त्या थोरलीकडे वळल्या, "तुम्ही कुठली सही होताना पाहिलीत?"

थोरली रडू लागली. "मी म्हटलं होतं यांना, नको म्हणून."

"गप्प बस!" थोरला म्हणाला, पण आवाजात दम राहिला नव्हता. त्यानं कपाळावरून हात फिरवला. "दुकान बुडालंय माझं. वर्ष झालं. सख्खा भाऊ होता तो माझा. त्याचं सगळं हिला, आणि मला काय? मी काय परका होतो?"

एवढं झाल्यावरही त्याच्या तोंडी अन्यायाचीच भाषा होती. टाचणीबाईंना त्याला त्याच खुर्चीसकट बाहेर ढकलावंसं वाटलं. पण कवळीवाली उठली होती.

"दुकान बुडालंय हे त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं नाहीत, पण बाजारात कळतंच. तुमच्यासाठी घरावर बँकेचं कर्ज काढायचं आम्ही ठरवलं होतं, दादा. घर दोघांचं, म्हणून अर्जावर सह्याही दोघांच्या लागत होत्या. त्या झाल्या होत्या. सोमवारी कामावरून येताना तो अर्ज देणार होता."

वकीलसाहेबांनी तडजोडीचा मसुदा बाजूला सरकवला.

"हे तू मला का नाही सांगितलंस?" टाचणीबाईंनी विचारलं.

"तुम्हीच म्हणाला असता, बघ, मनात होतं म्हणजे देणं असेलच. आणि मला वाटलं होतं, जरा दिवस जाऊ देत, मग मी एकटीनं नव्यानं अर्ज करीन. त्याची इच्छा होती म्हणून. तेवढ्यात दादांची नोटीस आली."

थोरल्यानं ओठ ओले केले. "किती?" त्यानं विचारलं. "किती रकमेचा होता?"

थोरलीनं रडता रडता त्याच्याकडे पाहिलं आणि आपली खुर्ची त्याच्यापासून दूर सरकवली.

"तुमच्या कागदावर आहे त्याच्या दुप्पट," कवळीवाली म्हणाली. "कारण तुम्ही फक्त त्याचा हिस्सा धरलात. आम्ही माझाही धरला होता."